तीन नंबरचा भाव

पहिली गेली ती बादली. क्लेम वार्टीने बुटाच्या टोकाने ती कलंडवली आणि पाणी एनॉक हेस्लपच्या खोक्याखालून वाहत जाऊन चिखलात मुरलं. मग क्लेमने चिखलात पडलेला स्पंज उचलला, नीट पिळला आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला.

"काका, आज पुसापुशी बंद," तो म्हणाला.

एनॉक खोक्यावर खडू धरून उभा होता. त्याच्या बाजूला फळा होता आणि फळ्यावर सहा कुत्र्यांचे सहा भाव. त्याच्या पाठीशी एक दुसराच माणूस इतका खेटून उभा राहिला होता की लांबून बघणाऱ्याला वाटावं, जुने दोस्त आहेत. खाली स्टुलावर वही घेऊन बसलेल्या थर्झा डॉडला मात्र त्या माणसाच्या कोटाआडचा उघडा वस्तरा दिसत होता. त्याचं पातं एनॉकच्या बरगड्यांखाली टेकलेलं होतं.

गर्दीतून रूब हॅगर्टी आला. बुटका, स्वच्छ दाढी केलेला, हातात करडे मोजे. कोल्डरिगच्या या शर्यतीच्या मैदानावरचे सगळे बुकी दर शनिवारी त्याला खडूचे, पाण्याचे आणि उभं राहण्याचे पैसे देत. खडू दोन पेनीला मिळायचा, हॅगर्टी त्याचे दोन पौंड घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी सायलस टेट नावाच्या बुकीने पैसे द्यायचं नाकारलं होतं. टेट आता एका डोळ्याने बघत त्याच मैदानाच्या फाटकावर शेंगदाणे विकत होता.

"एनॉक, तीन नंबरचा भाव काय लावलायस?" हॅगर्टीने विचारलं.

"एकास आठ."

"झकास आहे. शर्यत सुटेपर्यंत हाच राहू दे. आठाचे सात झाले तर हा माझा मित्र फार हळवा आहे, त्याला वाईट वाटेल."

पाठीमागचा माणूस हसला. एनॉकने मान हलवली. हप्त्याचे पैसे तो चार वर्षं देत आला होता, पण ही मागणी नवी होती. हॅगर्टीला आज पैसे नको होते. त्याला एनॉकचा खडूचा हात हवा होता.

लोकांना वाटायचं, बुकी म्हणजे कुत्र्यांची पारख असलेला माणूस. एनॉकला कुत्र्यांतलं ओ की ठो कळत नसे. खाणीत पाय चेंगरला तेव्हा मिळालेल्या भरपाईतून त्याने हा धंदा मांडला, आणि त्याची बायको लिडिया गेल्यावर तिची धाकटी बहीण थर्झा वही सांभाळायला आली. त्याआधी ती सहकारी दुकानात मटणाच्या गल्ल्यावर पंधरा वर्षं हिशेबनीस होती. धंद्याचं गुपित तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. सहा कुत्री सारख्याच दमाची धरली, तर खरा भाव एकास पाच. एनॉक द्यायचा एकास चार. सहा जणांनी सहा कुत्र्यांवर एकेक पौंड लावला की पेटीत सहा आले. जिंकणाऱ्याला चार, वर त्याचा स्वतःचा एक, असे पाच गेले. एक राहिला. कुठलंही कुत्रं जिंको, तो एक राहणारच.

अडचण एवढीच होती की लोक असे शहाण्यासारखे वाटून पैसे लावत नाहीत. एखाद्या कुत्र्यावर सगळे तुटून पडतात. मग थर्झा वहीतून मान न काढता हलकेच म्हणायची, "भावोजी, दोन भरला." एनॉक दोन नंबरचा भाव पुसून कमी करायचा, म्हणजे त्याच्यावर पैसे लावायची लोकांची इच्छा ओसरे, आणि बाकीच्यांचा थोडा वाढवायचा, म्हणजे तिकडे पैसे वळत. शर्यत सुटेपर्यंत पुसणं आणि लिहिणं चालूच. ही पुसापुशी होती म्हणून एनॉक कधी जुगार खेळत नव्हता. जुगार फक्त समोरचे खेळत होते.

फळ्यावर जो भाव, तोच थर्झा वहीत लिहायची, आणि वहीत जो लिहिला, तो द्यायचाच. त्यात कधी खंड पडला नव्हता.

हॅगर्टीची माणसं पैसे काढायला लागली. पहिल्याने तीन पौंड ठेवले. "तीन नंबर." दुसऱ्याने तीन. तिसऱ्याने तीन. एनॉकने प्रत्येकाला क्रमांकाचं तिकीट दिलं आणि थर्झाने वहीत लिहिलं. तीन नंबरला 'सूटी लॅड' नावाचं कुत्रं होतं. गेल्या पाच शर्यतींत ते शेवटून पहिलं आलं होतं. आज त्याच्या नावाखाली दुसरंच कुत्रं उभं केलंय, हे सांगायला आता कुणाची गरज नव्हती.

खाणकामगारांनाही वास लागला. "अरे, हॅगर्टीचे लोक तिनावर लावतायत! आणि भाव अजून आठच!" बघता बघता रांग लागली. दोन शिलिंग, पाच शिलिंग, अर्धा क्राउन. थर्झाची पेन्सिल चालत होती आणि डोक्यात बेरीज चालत होती. पेटीत सकाळचे चौऱ्याहत्तर पौंड. या शर्यतीचे एकतीस. त्यातले तिनावर अकरा. तीन जिंकला तर नव्व्याण्णव द्यायचे. उरतात सहा. तिनावर आणखी एक पौंड आला की पेटी तोकडी.

आणि क्लेम वार्टीच्या हातात नोटांची गुंडाळी होती. चाळीस तरी असावेत.

पेटी तोकडी पडली तर काय होतं, ते तिने वसंतात शेजारच्या मैदानावर पाहिलं होतं. "बुडव्या!" अशी एक आरोळी उठली आणि तीनशे माणसं त्या बुकीवर पडली. त्याचा कोट फाडला, शर्ट फाडला, हात कोपरातून उलटा मोडला आणि त्याला खाणीच्या तळ्यात फेकलं. तो पोहत काठाला आला की त्याच्या बोटांवर बूट ठेवत होते. मारणारे कुणी गुंड नव्हते. रविवारी चर्चमध्ये गाणारी माणसं होती ती.

"भावोजी," ती म्हणाली. "तीन भरला."

एनॉक हलला नाही.

"भावोजी, तीन भरला. काठोकाठ."

त्याने खाली पाहिलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता आणि वरच्या ओठावर घाम होता. क्लेमने पहिली पाचाची नोट पुढे केली.

थर्झाने वही मिटून स्टुलावर ठेवली आणि उठली. ती अडतीस वर्षांची, बारीक चणीची, चष्मा लावणारी बाई होती. जन्मात तिने कुणावर आवाज चढवला नव्हता. खोक्याच्या कडेवर एक पाय देऊन ती वर चढली आणि उजव्या हाताच्या तळव्यावर थुंकून तिने फळ्यावरचा आठ अर्धा पुसला.

"अगं ए डॉडबाई!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "आठ पुसतेस होय? आम्ही काय इथं झक मारायला उभे आहोत?"

"राहू दे की आठ! तुझ्या बापाचं काय जातंय?"

क्लेमने मागून तिचा अंबाडा धरला आणि खाली ओढलं. ती पाठीवर चिखलात पडली, चष्मा उडाला. रांगेतले काही हसलेसुद्धा. एनॉक वर तसाच ताठ उभा होता, हातात खडू, डोळे समोर दूर कुठेतरी. ती उठली, पुन्हा कडेवर पाय दिला आणि तळवा फळ्यावर टेकवून उरलेला आठ घासून काढला.

क्लेमने स्वतःचा वस्तरा कधी काढला, ते कुणाला दिसलंच नाही. दिसला तो तिचा हात. फळ्यावर पसरलेला, मनगटापासून बोटांच्या मुळांपर्यंत मागच्या बाजूने उघडा पडलेला. क्षणभर आतलं पांढरं दिसलं आणि मग रक्त आलं. ते खडूच्या भुकटीतून ओघळत चार नंबरवर, पाच नंबरवर गेलं.

ती किंचाळली नाही. तिच्या तोंडून फक्त "हां" असा एक आवाज निघाला, जड ओझं खाली ठेवताना निघतो तसा. मग तिने एनॉकच्या मुठीतून खडू डाव्या हाताने ओढून घेतला आणि पुसलेल्या जागी वेडावाकडा दोन काढला.

"तीन नंबर, एकास दोन," ती म्हणाली. "लावायचे आहेत का कुणाला?"

रांगेतून कुणी पुढे आलं नाही. क्लेम वार्टी स्वतःच्या हातातल्या वस्तऱ्याकडे बघत होता. चोवीस वर्षांचा पोरगा, गाल पडलेले. "तिनंच हात मध्ये घातला," तो म्हणाला. "मी नुसता... तिनंच घातला."

आयझॅक प्राउड नावाचा खाणकामगार रांगेत दुसरा होता. तिनाचं अर्ध्या क्राउनचं तिकीट त्याच्या हातातच होतं. त्याने ते टोपीत खोचलं, टोपी नीट डोक्यावर दाबली आणि क्लेमच्या तोंडावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. एनॉकच्या पाठीमागचा माणूस पळाला. त्याला फाटकापाशी गाठून सायलस टेटने शेंगदाण्याच्या पाटीने डोक्यात हाणलं. क्लेम पडला होता. पंधरा-वीस जणांनी त्याला घेरलं. लोखंडी नाल ठोकलेले कामाचे बूट होते ते. थर्झा खोक्यावर गुडघे टेकून, मनगट दाबून बसली होती आणि वरून तिला सगळं दिसत होतं.

"पुरे करा," ती म्हणाली. "अरे, तो पडलाय. पुरे करा."

कुणी ऐकलं नाही. एवढ्यात भोंगा वाजला. मैदानाच्या पलीकडच्या खोलीतला, कुत्र्यांपुढे पळवायचा खोटा ससा सोडणारा माणूस, त्याला इकडचं काहीच कळलं नव्हतं. ससा तारेवरून सुटला, पिंजऱ्यांच्या झडपा उघडल्या, सहा कुत्री निघाली. लाथा मारणारे थांबले. सगळ्यांनी माना वळवल्या. तीस सेकंद त्या घोळक्यातलं कुणी हललं नाही. तीन नंबरचं कुत्रं पहिल्या वळणावरच पुढे गेलं आणि सहा हात अंतराने जिंकलं. दोघातिघांनी टोप्या उडवल्या. मग पुन्हा बूट सुरू झाले.

क्लेमला शेवटी खाणीच्या स्ट्रेचरवरून नेलं. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

थर्झाने एनॉकला त्याच्या गळ्यातला रुमाल काढायला सांगितला. त्याने तो तिच्या हाताभोवती गुंडाळला. गाठ काही त्याला बसेना. शेवटी गाठ मारली ती आयझॅकने.

"दवाखान्यात चल," एनॉक म्हणाला.

"आधी देणी."

"थर्झा, वेडी झालीस का?"

"लोक उभे आहेत, भावोजी. वही द्या."

चिखलातून उचललेला चष्मा लावून ती स्टुलावर बसली. तिने हात छातीशी उभा धरला होता आणि रुमालातून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. ती वहीतून क्रमांक वाचत गेली. एकशे सतरा, पाच शिलिंग, एकास आठ. एकशे अठरा, दोन शिलिंग, एकास आठ. एनॉक पेटीतून मोजून देत गेला. आयझॅकचा अर्धा क्राउनसुद्धा दिला. ज्यांनी "तुझ्या बापाचं काय जातंय" म्हटलं होतं, त्यांनी टोप्या काढून पैसे घेतले आणि तिच्याकडे न बघता गेले.

सगळ्यांत शेवटी रूब हॅगर्टी आला. त्याच्या अंगाला कुणी बोट लावलं नव्हतं. तेवढी हिंमत त्या गर्दीतही नव्हती. त्याने तीन तिकिटं पुढे केली. नऊ पौंड, एकास आठ. एक्क्याऐंशी.

"याला छदाम द्यायचा नाही," एनॉक एकदम म्हणाला. त्या दिवशी त्याच्या आवाजात पहिल्यांदाच जोर आला होता. मागून खाणकामगारही ओरडले, "देऊ नका! हाकला त्याला!"

"तिकीट आपलं आहे," थर्झा म्हणाली.

"कुत्रं बदललेलं होतं! सगळ्या जगाला माहीत आहे!"

"कुत्र्याचा न्याय पंचांनी करायचा. त्यांनी तीन नंबर जिंकला म्हणून सांगितलंय. आपल्या खोक्यावरून तिकीट गेलंय, भावोजी. आज याला नाही म्हटलं, तर उद्या आपलं तिकीट कोण घेईल?"

एनॉकने पेटीत हात घातला. त्याने एक्क्याऐंशी पौंड मोजले. पेटीत सहा राहिले. हॅगर्टीने नोटा न मोजता आतल्या खिशात ठेवल्या आणि थर्झाकडे जरा वेळ पाहिलं.

"बाई, तुझ्यासारखी मला एक हवी होती," तो म्हणाला. "या भित्र्याच्या पायाशी कशाला बसतेस? माझ्याकडे ये. दुप्पट देईन."

"तिकिटं टोपलीत टाका," थर्झा म्हणाली आणि वही मिटताना बेशुद्ध पडली.

दवाखान्यातल्या डॉक्टरने बावीस टाके घातले. बोटं वर उचलणाऱ्या दोऱ्या तुटल्या आहेत, म्हणाला. त्या शिवायचा प्रयत्न केलाय, पण भरवसा देत नाही. अंगठा आणि पहिलं बोट वाचलं. उरलेली तीन बोटं मिटली, ती मिटलीच. दुसऱ्या हाताने उघडली तर उघडत, सोडली की पुन्हा वळत.

एनॉक रोज संध्याकाळी भेटीच्या वेळेला यायचा. टोपी मांडीवर धरून बसायचा. त्या शर्यतीच्या आदल्याच आठवड्यात त्याने तिला विचारलं होतं, "लिडियाच्या खोलीला पिवळा रंग द्यावा म्हणतो. तुला पिवळा चालेल?" तिने "चालेल की" म्हटलं होतं. दोघांच्या वयाला आणि स्वभावाला ती मागणी पुरेशी होती. गल्लीतल्या बायका तर लग्नाची ईस्टरची तारीखही सांगत होत्या.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "मी हललो नाही."

"तुमच्या पाठीला वस्तरा होता."

"तुझ्यासमोरही होता."

खोटं सांगून समजूत घालणं तिला जमलं नाही. तिने ताटलीतला बिस्किटाचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो खाल्ला नाही.

"तू मला तिथं तसा उभा असलेला पाहिलंस," तो म्हणाला. "आता तुझ्याकडे बघितलं की मला तेच दिसतं."

"मला नाही दिसत, भावोजी."

"तुला दिसतं. तू बोलणार नाहीस, एवढंच."

खटला जानेवारीत उभा राहिला. हॅगर्टीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. तो दुसऱ्या शहरात निघून गेला होता आणि त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कुणी तयार नव्हतं. आरोपी एकटा क्लेम. खटल्याच्या आदल्या दिवशी त्याची आई थर्झाच्या दारी आली. नदीपलीकडच्या वस्तीतली विधवा बाई, शालीत सहा अंडी बांधून आणलेली.

"त्याच्या जबड्यात तार घातलीय," ती उंबऱ्यावरूनच म्हणाली. "चमच्यानं पाजते मी त्याला. एका कानानं ऐकू येत नाही. रात्री उठून बसतो आणि डोकं भिंतीवर आपटतो. त्याला अजून काय शिक्षा द्यायची राहिलीय, बाई? तू एवढंच म्हण की हात कुणाचा होता ते नीट दिसलं नाही."

"हात त्याचाच होता, वार्टीबाई."

"मला माहीत आहे त्याचाच होता." ती बाई रडत नव्हती. "मग तेही सांग. तो पडल्यावर त्याला कुणी कुणी तुडवला, तेही सांग. तू उंचावर होतीस. तुला सगळं दिसलंय."

"विचारलं तर सांगेन," थर्झा म्हणाली. तिने अंडी घेतली नाहीत.

कोर्टात तिला विचारलं गेलं. वस्तरा कुणी चालवला? तिने क्लेमकडे बोट केलं. जबडा बांधलेला तो पोरगा मान खाली घालून बसला होता. मग क्लेमच्या वकिलाने विचारलं, "तो जमिनीवर पडल्यावर त्याला मारहाण झाली?"

"झाली."

"किती वेळ?"

"पुष्कळ वेळ. मध्ये कुत्री धावली तेव्हा थांबले. मग पुन्हा मारलं."

"कुणी मारलं?"

समोरच्या बाकावर आयझॅक प्राउड बसला होता, धुतलेली कॉलर घालून. त्याच्या शेजारी त्याची बायको, तिच्या मांडीवर तान्हं मूल. खाणीच्या मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तुरुंगात जाईल त्याला परत कामावर घेणार नाही. त्यामागच्या रांगेत वार्टीबाई होती. थर्झाने पंधरा वर्षं मटणाचा आणि चार वर्षं कुत्र्यांचा हिशेब ठेवला होता आणि त्यात एक आकडा खोटा लिहिला नव्हता.

"मला बूट दिसत होते," ती म्हणाली. "माणसं दिसली नाहीत. माझा चष्मा पडला होता."

चष्मा पडला होता हे खरं होतं. लांबचं तिला चष्म्याशिवायही स्वच्छ दिसतं, हे तिच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. वकील खाली बसला. क्लेमला दोन वर्षांची सजा झाली. बाहेर पायऱ्यांवर आयझॅकची बायको थर्झाच्या गळ्यात पडली. वार्टीबाई शेजारून गेली. ती थांबली नाही, शिवी दिली नाही, नुसतं एकदा वळून पाहिलं. त्या रात्री थर्झाला जेवण गेलं नाही. पुढे कितीतरी महिने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नदीपलीकडच्या वस्तीत नावाशिवाय एक पाकीट जात होतं. तिसऱ्या महिन्यापासून ते न उघडता परत येऊ लागलं.

एनॉक फेब्रुवारीत दोनदा मैदानावर आला. खोक्यावर चढायचा, भाव लिहायचा, पण मागे कुणी येऊन उभं राहिलं की हातातला खडू खाली पडायचा. दुसऱ्या शनिवारी एका म्हाताऱ्याने नुसतं "काय एनॉक?" म्हणून पाठीवर थाप मारली, तर तो खोक्यावरून उतरून जाळीपाशी जाऊन ओकला. लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं थर्झाला वाटलं.

मार्चमध्ये त्याने सांगितलं की ग्रिम्सबीच्या बंदरावर त्याचा भाऊ आहे, मासळीच्या गोदामात रखवालदाराची जागा आहे.

"जागा, फळा, पेटी, सगळं तुझ्या नावावर करून आलोय," तो म्हणाला. "मैदानाच्या लोकांनी कुरकुर केली. बाई खोक्यावर कशी चालेल म्हणाले. सायलस टेट भांडला तुझ्यासाठी."

"तुम्ही नाही भांडलात?"

"मीही भांडलो," एनॉक म्हणाला. मग म्हणाला, "थोडासा."

त्यावर दोघंही हसली. शर्यतीच्या त्या शनिवारनंतर ती दोघं एकत्र हसली ती तेवढीच. तो शेजारच्या, आपल्या घरात गेला, आणि भिंतीपलीकडून त्याची ट्रंक ओढल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. उठून तिकडे जावं, राहा म्हणावं, असं तिला दोनदा वाटलं. राहा म्हटलं असतं तर तो राहिला असता. आणि रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा पिताना खाली बघत राहिला असता.

बस शनिवारी दुपारी एक वाजता होती. ती त्याच्याबरोबर चौकापर्यंत गेली. तिच्या काखेत वही होती. तिथून ती थेट मैदानावर जाणार होती. वारा होता आणि कोळशाची बारीक भुकटी डोळ्यांत जात होती. वाटाण्याच्या लगद्याचे दोन पाव तिने कागदात बांधून दिले. त्याने ते कोटाच्या खिशात ठेवले.

"हॅगर्टी परत येईल," तो म्हणाला. "आज ना उद्या."

"येईल."

"मग काय करशील?"

"तीन भरला की पुसेन."

बस आली. कंडक्टरने ट्रंक वर चढवली. एनॉकने सवयीने उजवा हात पुढे केला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याचा हात तसाच हवेत राहिला. थर्झाने आपला हात उचलला. मागच्या बाजूने जांभळा, ताणलेला वण, तीन बोटं तळव्यात वळलेली. त्या शनिवारनंतर एवढ्या महिन्यांत त्याने त्या हाताकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

त्याने कंडक्टरला हाताने थांबायची खूण केली. मग त्याने तिचं मिटलेलं करंगळीचं बोट धरून हलकेच सरळ केलं. मग त्याच्या शेजारचं. मग मधलं. आपला हात त्याने त्यात ठेवला आणि बोटं सोडून दिली. ती त्याच्या हाताभोवती पुन्हा मिटली.

"काय हो, चढताय ना?" कंडक्टर म्हणाला.

बस गेल्यावर ती थोडा वेळ चौकात उभी राहिली. पहिली शर्यत सव्वा दोनला होती. तिने वही काखेतून काढून डाव्या हातात घेतली आणि खाणीच्या ढिगाऱ्याकडून जाणारी जवळची वाट धरली.